चिलखतावरचे सोने

नवरात्र बसले की आमच्या जुन्नरकडच्या जुन्या घरांतून एक काम न सांगता सुरू होते. माळ्यावरच्या पेटीतून, नाहीतर आढ्याच्या खुंटीवरून हत्यारे खाली उतरतात. कुणाकडे तलवार, कुणाकडे भाल्याचे नुसते पाते, कुणाकडे कातड्याची ढाल. मग पोरांना अंगणात बसवतात. चिंचेचा कोळ, विटकरीची पूड, चुलीतली राख आणि नारळाची शेंडी असे साहित्य पुढे ठेवतात, आणि दसऱ्यापर्यंत सगळे चांदीसारखे लखलखले पाहिजे असा हुकूम सुटतो.

श्रोतेहो, हे काम मीही केले आहे. आमच्या घरी एक लोखंडी दस्ताना होता. दस्ताना म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंत हाताचे रक्षण करणारे चिलखत. दिसायला नळीच्या कौलासारखे, मनगटाकडे थोडे निमुळते. त्याचा आतल्या बाजूचा भाग केव्हाच हरवला होता, त्यामुळे आम्ही मुले त्याला 'पन्हळ' म्हणत असू. त्याच्या कडेने पिवळसर वेलबुट्टीसारखे काही होते. मला तो गंज वाटे. दहाव्या वर्षापासून पुढे सहा दसरे मी तो दस्ताना घासला. शेवटच्या वर्षी तो अगदी आरशासारखा झाला आणि आजोबांनी पाठ थोपटली. पुढे एम. ए.ला असताना मुंबईच्या संग्रहालयात काचेआड तसाच एक दस्ताना पाहिला. काळसर निळ्या पोलादावर सोन्याची बारीक वेल, कोपरापासून मनगटापर्यंत चढत गेलेली. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. सहा वर्षे मी जो घासून काढत होतो तो गंज नव्हता. ते सोने होते.

तेव्हा ते सोने लोखंडावर बसत कसे होते, कोणी बसवले आणि चिंचेने ते जाते कसे, एवढेच आज सांगणार आहे.

अभ्यासक या घडणीला हिंदी-इराणी म्हणतात. नाव जरा पुस्तकी आहे, पण त्याचा पुरावा आपल्याच बोलण्यात आहे. दस्ताना, बख्तर, पोलाद हे फारसी शब्द. आपला शिलेदार हा 'सिलाह' म्हणजे शस्त्र, त्यापासून आलेला. शस्त्रे ठेवायची जागा ती शिलेखाना. पाती घासून-परजून देणारा शिकलगार आणि घोड्याचे जीन करणारा जिनगर ही तर आपल्या गावांतली आडनावे झाली आहेत. शिक्षक मंडळींनी वर्गात एकदा विचारून पाहावे, जिरेटोपातले जिरे कोणते? फोडणीतल्या जिऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. फारसीत 'जिरह' म्हणजे कड्यांचे चिलखत. त्या कड्यांची झालर मानेवर सोडलेला लोखंडी टोप, तो जिरेटोप. आता नाटकात आणि चित्रांत जिरेटोप म्हणून मोत्यांच्या तुऱ्याचे जे शिरोभूषण दाखवतात, ते बहुधा कापडी असते. शब्द राहिला, त्याच्या पोटातले लोखंड गेले. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या काळात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. त्यात शस्त्रांचा एक स्वतंत्र वर्ग आहे. पण लोकांच्या तोंडचे पोलाद आणि दस्ताना काही हलले नाहीत.

हे शब्द आणि या वस्तू आपल्या भागात आल्या कशा? त्याचे उत्तर जुन्नरच्या भूगोलात आहे. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल नाणेघाट चढून वर आला की पहिले मोठे गाव जुन्नर. रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितीन नावाचा व्यापारी १४७० च्या आसपास चौलला उतरून इथे आला आणि त्याने आपला पावसाळा जुन्नरला काढला. विकायला त्याने एक घोडा आणला होता. इथल्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो असे बजावले. शेवटी एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली तेव्हा घोडा सुटला. हा निकितीन लिहून ठेवतो की इथले सरदार खुरासानी आहेत, लढाईत ते घोड्यावर बसतात, आणि स्वार व घोडा दोघांच्याही अंगावर चिलखत असते. इथले हिंदू शिपाई मात्र पायी, एका हातात ढाल, एका हातात तलवार. पुढे बिदरला त्याने बहामनी सुलतानाचे हत्ती पाहिले, तेही पोलादी पत्र्यांनी मढवलेले. त्यानंतर वीसएक वर्षांनी, १४९० साली, निजामशाही स्थापन झाली ती मलिक अहमदने, आणि त्याचे पहिले ठाणे हेच जुन्नर.

म्हणजे नमुना इराणकडून आला हे खरे. पण लोखंड? इथे गोष्ट उलटी फिरते. तेलंगणात निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. सर्वेक्षण खात्यातला डॉ. व्हॉयसी १८२० च्या सुमारास तिथे गेला तेव्हा पोलाद खरेदी करायला आलेला एक इस्फहानचा व्यापारी त्याला भेटला. इस्फहान कुठे आणि निजामाबाद कुठे! दख्खनचे पोलाद शतकानुशतके इराणला जात होते. तिथल्या प्रसिद्ध पात्यांत आपल्याच भट्ट्यांतले पोलाद होते. आपण त्यांचे शब्द घेतले, त्यांनी आपले लोखंड नेले. व्यवहार चोख होता.

हे पोलाद मुशीत करीत. मूस म्हणजे मातीची लहान कुपी. तीत लोखंडाचे तुकडे आणि थोडे लाकूड किंवा पाला घालून तोंड लिंपायचे आणि भट्टीत तासन्‌तास तापवायचे. आतल्या लाकडाचा कोळसा होऊन त्याचा अंश लोखंडात मुरतो, शंभर भागांत सुमारे दीड भाग. मग कुपी सावकाश निवू द्यायची. घाई केली की सगळे फुकट. या गोळ्याला बेताच्या आचेवर ठोकून पत्रा किंवा पाते केले आणि वरून हिराकसाचे पाणी फिरवले, की पृष्ठावर लहरी उमटतात, वाऱ्याने तळ्यावर उठाव्यात तशा. यालाच जौहर म्हणत. सगळी चिलखते असल्या पोलादाची नसत, बरीचशी साध्या लोखंडाचीच. पण टोपाची वाटी आणि छातीवरचे पत्रे चांगल्या घरच्या चिलखतात पुष्कळदा जौहराचे असत.

आता कड्यांकडे वळू, कारण कष्ट तिथे आहेत. लोखंडाची तार सोनाराच्या जंतरासारख्या भोकांच्या पट्टीतून ओढून बारीक करायची. ती एका गजावर वेढे देऊन गुंडाळायची आणि लांबीत उभी कापायची, की एकेक वेढा सुटून कडी होते. कडीची दोन्ही टोके ठोकून चपटी करायची, त्यांना भोके पाडायची. मग ती कडी चार शेजारणींत ओवायची, टोकावर टोक आणायचे, भोकात केसासारखा बारीक खिळा घालायचा आणि तो दोन्हीकडून ठोकून बसवायचा. आपला लोहार ज्याला रिबीट म्हणतो ते. झाली एक कडी. अशा वीस-पंचवीस हजार कड्या झाल्या की एक अंगरखा होतो. कड्या बारीक असतील तर आणखी जास्त. खांद्याला आणि काखेत आकार यायला हवा, म्हणून स्वेटर विणणारी बाई जसे टाके वाढवते-कमी करते, तशाच इथे कड्या वाढवाव्या-घटवाव्या लागतात. म्हणजे लोहाराला शिंप्याचेही डोके हवे.

अशा अंगरख्याचे वजन आठ-दहा किलो भरते. तलवारीची धार त्यावरून घसरते, पण फटक्याचा मार आत पोचतोच. म्हणून आतून कापूस भरलेला जाड अंगरखा घालावा लागे. प्रतापगडच्या भेटीच्या दिवशी, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, महाराजांच्या अंगरख्याखाली चिलखत आणि पागोट्याखाली लोखंडी टोपी होती असे ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या इतिहासात लिहिले आहे. आपल्या साध्या बारगिराला मात्र हा थाट परवडत नसे आणि सोयीचाही नसे. डोंगरातून भराभर दौड मारायची तर दहा किलो लोखंड कशाला? १६५७ साली महाराजांनी जुन्नरवर छापा घालून दोनशे घोडे आणि तीन लाख होन नेले, ते काम हलक्या अंगानेच होते.

काळ गेला तशी एक चलाखी आली. कड्यांना खिळा मारायचे सोडून नुसती टोके दाबून जुळवू लागले. मिरवणुकीत फरक कळत नाही. रणात भाल्याचे टोक घुसले की अशी कडी उघडते. तुमच्या गावात कुणाकडे चिलखत असेल तर भिंग घेऊन आधी कडीचा सांधा पाहा. खिळ्याचे डोके दिसले तर ती वस्तू लढण्यासाठी केलेली आहे. नुसत्या जुळवलेल्या कड्यांत मात्र लोखंड, पितळ आणि तांबे यांच्या कड्या आलटून पालटून ओवून चौकटीचौकटीची नक्षी केलेली सापडते. तिला गंगाजमनी म्हणतात. दिसते सुरेख. पण माझे मत विचाराल तर मला खिळ्याची काळी कडी जास्त आवडते.

कड्यांच्या जोडीला पत्रे आले. छाती, पाठ आणि दोन कुशी अशा चार जागी चार पत्रे, पट्ट्यांनी एकत्र बांधलेले, म्हणून त्याचे नाव चारआईना, म्हणजे चार आरसे. कुशीच्या पत्र्यांना काखेखाली अर्धगोल खाच दिलेली असते, हात हलायला. टोपाला नाकावर येणारी एक पट्टी असते. ती वर-खाली सरकते आणि मळसूत्राने पक्की होते. कपाळाच्या दोन बाजूंना तुरे खोवण्याच्या नळ्या, डोक्यावर मध्यभागी टोकदार शूळ.

ढालीवर चार वाटोळी फुले असतात ती सर्वांनी पाहिली असतील. पुष्कळांना वाटते ती शोभेची. ढाल उलटी करा. मागे हात घालायचे दोन पट्टे आणि मुठीखाली एक छोटी गादी दिसेल. ते पट्टे ज्या कड्यांत अडकवले आहेत त्यांचे खिळे ढालीतून आरपार पुढे आलेले असतात. ती चार फुले म्हणजे त्या चार खिळ्यांची डोकी झाकणाऱ्या टोप्या. आधी गरज आणि मग त्या गरजेवर फूल. या कारागिरांची बहुतेक नक्षी अशीच उगवलेली आहे. पत्र्याची कड मजबूत करायला दुमडली, तर त्या दुमडीवर वेल. बिजागरीचा खिळा लांब ठेवला, तर त्याच्या टोकाला कळी.

सोने बसवण्याच्या मुख्य रीती दोन. पहिली तहनिशान. तीत छिन्नीने पोलादात चर खोदतात. चर तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद असा, आपल्या उतरंडीच्या मडक्यासारखा. त्यात सोन्याची तार ठोकली की ती आत पसरून अडकते, बाहेर येऊ शकत नाही. ही रीत कष्टाची, खर्चाची आणि टिकाऊ. दुसरी कोफ्तगिरी. 'कोफ्त' म्हणजे ठोकणे. यात चर नाही. पत्र्यावर धारदार हत्याराने आडव्या-उभ्या-तिरप्या अतिशय बारीक रेघा मारून तो खरखरीत करतात, कानशीच्या पृष्ठासारखा. त्यावर केसाएवढी सोन्याची तार नक्षीप्रमाणे वळवत हलक्या हाताने ठोकत जातात. मऊ सोने त्या खरखरीत दातांत धरले जाते. मग गुळगुळीत अकीकाच्या दगडाने घोटायचे, तापवून पोलादाला निळसर काळा रंग आणायचा. त्या रंगावर सोने उठून दिसते. कोफ्तगिरीचे सोने कागदाहून पातळ. त्याला धरून ठेवतात त्या फक्त रेघा.

आता चिंच, राख आणि विटकर यांचे काय होते ते वेगळे सांगायला नको. आधी निळा रंग जातो, मग उंचवट्यावरचे सोने जाते, मग सखल भागातले. शेवटी चकचकीत पांढरे लोखंड उरते आणि आपण म्हणतो, वा, काय स्वच्छ झाले! पण भिंगातून पाहिले तर कित्येकदा त्या पांढऱ्या लोखंडावर आडव्या-उभ्या रेघांचे पुसट जाळे दिसते. ते दिसले की समजावे, इथे सोने होते. जौहराची गोष्ट थोडी निराळी. लहरी पोलादाच्या अंगातच असतात, घासून दिसेनाशा झाल्या तरी जाणत्या माणसाला त्या पुन्हा उमटवता येतात. सोने एकदा गेले की गेले.

त्याबरोबर आणखी एक गोष्ट जाते, ती अक्षरे. पुष्कळ चिलखतांवर टोच्याने टिंबे मारून लिहिलेले असते. कधी शिलेखान्याचा अनुक्रमांक, कधी वजन, कधी कुठून आणले ते. बिकानेरच्या राजांच्या शिलेखान्यात दख्खनची कितीतरी चिलखते व शस्त्रे होती. औरंगजेबाच्या वतीने लढताना १६८९ च्या सुमारास त्यांनी ती आदवानीच्या किल्ल्यातून लुटून नेली. हे आपल्याला कळते ते त्यावरच्या टिंबांच्या देवनागरी अक्षरांवरून. भीमाशंकरच्या देवळापुढची पोर्तुगीज घंटा १७३९ च्या वसईच्या विजयानंतर तिथे आली असे सांगतात. लोखंड असे पायी पायी फिरते. कुठून कुठे गेले हे सांगायला चार टिंबांखेरीज त्याच्याजवळ काही नसते, आणि ती टिंबे विटकरीपुढे टिकत नाहीत.

नुसत्या घरच्या अज्ञानानेच हे झाले असे मात्र नाही. तंजावरला व्यंकोजीराजांच्या वंशाचे मराठी राज्य होते. ते १८५५ साली खालसा झाले. तिथला शिलेखाना फार मोठा. १८६३ साली मद्रास सरकारने त्यातल्या निवडक वस्तू संग्रहालयासाठी ठेवल्या आणि बाकीचा ढीग मोडून जुने लोखंड म्हणून विकला. शिकलेल्या, हिशेबी माणसांनी हे केले. १८७८ साली हत्यारांचा कायदा आला आणि गावोगावच्या शिकलगारांचा उरला-सुरला धंदाही बसला. वस्तू ठेवणारी घरे राहिली, ती सांभाळायची कशी हे सांगणारा कारागीर राहिला नाही. आपल्या दसऱ्याच्या चिंचेचे मूळ मला तिथे दिसते. पूर्वी शिकलगार येऊन जे काम तेलाने आणि घोटणीने करी, ते पुढे पोरांनी राखेने केले.

मग पूजा करू नये काय? जरूर करावी. वस्तू पाटावर स्वच्छ कापड घालून ठेवावी. फूल वाहावे. कुंकवाचे बोट लावायचेच तर मुठीला किंवा कड्याला लावावे, नक्षीला नाही, आणि संध्याकाळी कोरड्या मऊ फडक्याने पुसून घ्यावे. पाणी शिंपडू नये. साफ करायचे म्हणजे धूळ झटकायची आणि शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून जादा तेल टिपून घ्यायचे. हाताचा घाम खारट असतो, म्हणून वस्तू फडक्याने धरावी. आंबेगावच्या पश्चिमेकडे, डिंभे-भीमाशंकरच्या पट्ट्यात, पावसाळ्यात भिंतींना पाझर फुटतो. तिथे वस्तू भिंतीला टेकवू नये, कातडी म्यानात कोंबू नये आणि प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच बांधू नये. पिशवीतली ओल बाहेर पडत नाही. गंजाचा पापुद्रा सुटत असेल तर स्वतः हात लावण्यापेक्षा संग्रहालयाला विचारावे.

नांगरटीत किंवा पाया खणताना काही सापडले, तर १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. शंभर वर्षांहून जुनी अशी कोणतीही कलावस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते आणि ती परदेशी नेता येत नाही. दाराशी येऊन 'जुने लोखंड देता का' म्हणणाऱ्या माणसाला हे ठाऊक असते. आपल्यालाही असावे.

सहल शिवनेरीवर नेणाऱ्या शिक्षकांनी एखादे वर्षी मुलांना पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही न्यावे आणि टोप, ढाली, चिलखते समोर उभे राहून दाखवावीत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात १५८१ सालचे अकबराचे पोलादी उरस्त्राण आहे, धार्मिक वचने कोरलेले. मुलांना आधी नक्षी दाखवू नका. ढालीच्या मागची गादी, टोपाच्या नाकपट्टीचे मळसूत्र, कडीचा खिळा दाखवा. नक्षी त्यांना आपोआप दिसेल.

आमचा दस्ताना अजून घरी आहे. त्यावर मी आता वर्षातून दोनदा तेलाचे बोट फिरवतो. गेल्या वर्षी बिजागरीचा मोडका खिळा भिंगातून पाहत होतो, तेव्हा त्याच्या खालच्या फटीत, जिथे नारळाची शेंडी पोचली नव्हती तिथे, ज्वारीच्या दाण्याएवढे एक पान दिसले. अर्धे निळे, अर्धे सोन्याचे. तुमच्या घरच्या वस्तूत शोधायचे असेल तर अशाच जागी शोधा. बिजागरीच्या फटीत, दुमडीच्या आत, ढालीच्या फुलाखाली.